आधी बॅटरी, मग लाळ

पनवेलहून सकाळची हार्बर लोकल पकडली की खांदेश्वर, मानसरोवर आणि मग खारघर. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. पण या एवढ्याशा प्रवासात नाकात नळी घातलेला, गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला एखादा माणूस दिसला नाही असा आठवडा जात नाही. सोबत बायको किंवा भाऊ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली फाईल. कोणी कोकणातून आलेला असतो, कोणी उत्तर प्रदेशातून रात्रभर जनरल डब्यात बसून. पनवेलला उतरायचे, लोकल धरायची आणि खारघरला टाटाच्या दवाखान्यात जायचे. कुठे उतरायचे ते तो विचारू शकत नाही. जीभ किंवा जबडा अर्धा गेलेला असतो, म्हणून सोबतचा माणूस विचारतो.

खारघरचे हे केंद्र म्हणजे ॲक्ट्रेक. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचे काम २००२ मध्ये इथे आले. ती संस्था १९५२ पासूनची. तिच्या उभारणीमागे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. आपल्या लोकांच्या तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूशी काय संबंध आहे याचा शोध त्यांनी फार आधी घेतला होता. सांगायचा मुद्दा हा की देशातल्या कर्करोग संशोधनाचे एक मोठे केंद्र आमच्याच तालुक्यात आहे. आमच्या मोहल्ल्यातून रिक्षाने जाण्याएवढ्या अंतरावर. आणि त्याच मोहल्ल्यात माझी फुफू गेली चाळीस वर्षे रोज सकाळी मशेरी भाजून दातांना लावते, आणि तिच्या तोंडात आजवर कोणी डोकावलेले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी फिरली. थोडीशी लाळ द्या, तोंडाचा कर्करोग लागायच्या आत ओळखा. (लाळ आणि थुंकी या शब्दांशी आमच्या समाजाचे नाव अलीकडे वेगळ्याच अफवांमुळे जोडले गेले आहे. तो विषय आज नको.) मी ती बातमी फुफूला वाचून दाखवली. इतके दिवस मी तिला डॉक्टरकडे चल म्हणत होतो आणि ती नाही म्हणत होती. परक्या पुरुषासमोर नकाब काढून आ करून बसायचे, तो आत चमचा घालून बघणार, वर मशेरी लावते म्हणून सुनेसमोर दोन शब्द सुनावणार. हे तिला नको होते. बातमी ऐकून ती म्हणाली, "थुंकून भागत असेल तर देते बाबा. हे आधी सांगायचंस."

मला तिचे म्हणणे पटले. खरे सांगायचे तर मी खूश झालो. घरातल्या घरात, दार लावून, एका छोट्या बाटलीत लाळ द्यायची. सुई नाही, दुखणे नाही, लाज नाही. आमच्याकडच्या बायकांसाठी याहून सोयीचे काय असणार? म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो, मिळेल ते वाचले, दोन-तीन डॉक्टरांना छळले. आता माझे मत बदलले आहे. ही तपासणी वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण आज ती ज्या जागी बसवून विकली जाईल अशी भीती आहे, ती तिची जागा नाही.

आधी आमच्या मामूंचे सांगतो, कारण ही भीती मला तिथूनच आली.

मामूंना पुडीची सवय होती. डाव्या गालात, हिरडी आणि गालाच्या मधल्या खोबणीत ती तासन् तास असायची. तिथेच एक व्रण झाला. एका डॉक्टरने गरमीने तोंड आले म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला मलम दिले. महिना गेला. व्रण तसाच. मुलगा शिकलेला, त्याला शंका आली. त्याने काय करावे? एका लॅबच्या जाहिरातीत 'कॅन्सर मार्कर पॅकेज' होते, सवलतीच्या दरात, घरी येऊन रक्त नेणारे. ते त्याने केले. चार दिवसांनी रंगीत अहवाल आला. सगळे आकडे हिरव्या पट्ट्यात. घरात शुक्राना झाला, मिठाई वाटली. मामू म्हणाले, बघा, उगाच घाबरवत होता. पुढचे तीन महिने त्या व्रणाकडे कोणी पाहिले नाही, कारण 'रक्तात काही नाही' हे कागदावर लिहिलेले होते.

त्या पॅकेजमधले मार्कर आतड्याच्या, स्वादुपिंडाच्या, बीजकोशाच्या, प्रोस्टेटच्या कर्करोगासंबंधीचे होते. तेही मुख्यतः रोग आधीच ठाऊक असलेल्या रुग्णाच्या उपचारावर लक्ष ठेवायला वापरतात. गालातल्या व्रणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. मामूंनी तोंड उघडून दाखवले असते तर एखाद्या नवशिक्या दंतवैद्यालाही शंका आली असती. पुढे जबड्याचा भाग काढावा लागला. ते आज आहेत, अल्हम्दुलिल्लाह, पण बोललेले फक्त मामींना कळते.

आता विज्ञानाकडे. लाळेत कर्करोगाच्या खुणा सापडतात ही गोष्ट खरी आहे, आणि ती आजची नाही. तोंडातली गाठ रात्रंदिवस लाळेत भिजत असते. तिच्या पेशी झडतात, फुटतात, आणि त्यांतले डीएनए, आरएनए, प्रथिने लाळेत उतरतात. २००४ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने लाळेतल्या सात आरएनए खुणा निवडल्या. त्यांत आयएल-८ आणि आयएल-१बीटा हे दाहाशी संबंधित रेणूही होते. या खुणांवरून त्यांना रुग्ण आणि निरोगी माणसे शंभरात एक्याण्णव वेळा नीट वेगळी करता आली. २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी डोके आणि मानेच्या कर्करोगाचे ९३ रुग्ण तपासले. त्यांतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या लाळेत गाठीचा डीएनए सापडला. रक्तात मात्र अशा दहापैकी आठांच्याच. म्हणजे तोंडाच्या बाबतीत लाळ रक्ताहून सरस ठरली, आणि ते समजण्यासारखे आहे. विहिरीत काय पडले आहे ते बघायला विहिरीचेच पाणी घ्यावे.

हे आकडे ऐकून कोणीही हुरळून जाईल. मीही गेलो. पण जॉन्स हॉपकिन्सच्या त्या अभ्यासात बहुतेक रुग्णांची गाठ आधी हातात होती. तिच्यातला नेमका बिघाड वाचून मग तोच बिघाड लाळेत शोधला. चोर पकडून त्याच्या बोटांचे ठसे घेतले आणि मग घरात ते ठसे आहेत का पाहिले, असा तो प्रकार. ठसे सापडले ही मोठी गोष्ट आहे. पण आमच्या फुफूच्या बाबतीत चोर आहे की नाही हेच ठाऊक नाही.

आणि एक्याण्णव टक्के? इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. शाळेतले साधे गणित आहे, पण जाहिरातीत ते कधी नसते. समजा, पनवेलमधल्या तिशीपुढच्या एक लाख लोकांची लाळ घेतली. समजा, त्यांतल्या पन्नास जणांच्या तोंडात त्यांना ठाऊक नसलेला कर्करोग आहे. शंभरात एक्याण्णव बरोबर म्हणजे पन्नासांतले पंचेचाळीस सापडले. छान. पण उरलेल्या ९९,९५० निरोगी लोकांतही शंभरात नऊ वेळा चूक होणार. म्हणजे सुमारे नऊ हजार माणसांना कळवले जाणार, तुमच्या लाळेत खूण सापडली आहे. नऊ हजार पंचेचाळीस घाबरलेली माणसे, आणि त्यांत खरे रुग्ण पंचेचाळीस. दोनशेत एक. ही माणसे कुठे जाणार? पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात? खारघरला, जिथे आधीच खऱ्या रुग्णांची रांग लागली आहे? त्या प्रत्येकाचे तोंड शेवटी कोणाला तरी उघडून बघावेच लागणार, आणि संशयास्पद दिसले तर तुकडाही काढावाच लागणार. लाळ देऊन तोंड उघडणे टळत नाही, फक्त पुढे ढकलले जाते.

तुकड्यावरून आठवले. 'सुई लावली की पसरतो, चाकू लावला की भडकतो' हे आमच्याकडे इतके पक्के बसलेले आहे की लाळेच्या तपासणीचे अर्धे आकर्षण त्यातच आहे. लोकांना वाटते, आता बायॉप्सीची कटकट संपली. संपलेली नाही. कर्करोग आहे की नाही हे आजही तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच ठरते, आणि तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट सांगितले की संशयास्पद चट्टा दिसला तर लाळेच्या चाचणीवर विसंबून थांबू नका, बायॉप्सी करा. चार वर्षांनी, २०२१ मध्ये, तिथल्याच औषध प्रशासनाने लाळेच्या एका चाचणीला झटपट विचारासाठी 'ब्रेकथ्रू' असा दर्जा दिला. आपल्याकडे या दर्जाची बातमी मान्यता मिळाल्यासारखी छापली गेली की समजायचे, पुढचे पॅकेज येते आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही तोंडे कोणाची?

पाश्चात्त्य देशांत तोंड-घशाच्या कर्करोगात सिगारेट, दारू आणि घशाच्या बाबतीत एचपीव्ही विषाणू यांचा हात मोठा. आपल्याकडे तंबाखू गालात धरून ठेवायची चाल, म्हणून गाल आणि हिरडीचा कर्करोग जास्त. खारघरच्या ॲक्ट्रेकने आणि बंगालमधल्या कल्याणी इथल्या संस्थेने मिळून नेमका हाच हिरडी-गालाचा कर्करोग अभ्यासला आणि २०१३ मध्ये त्याचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. काही बिघाड जगातल्या इतर रुग्णांसारखेच निघाले, काही जनुके या कर्करोगात पहिल्यांदाच समोर आली. म्हणजे आपल्या रोगाची ओळख आपल्याच तालुक्यात बरीचशी झाली आहे. मग लाळेची चाचणी कॅलिफोर्नियातल्या लोकांच्या लाळेवर घासूनपुसून आणायची आणि पनवेलमध्ये बाटलीबंद विकायची, हे कशाला?

कारण आपली लाळ वेगळी आहे. हसू नका. आयएल-८ सारखे रेणू दाह असेल तिथे वाढतात. हिरड्या सुजल्या, दात किडले, तरी वाढतात. पुडी खाऊन तोंडाची आतली कातडी ताठरली असेल तरी वाढण्याचा संभव असतोच. आमच्या मोहल्ल्यात चाळिशीनंतर हिरडीतून रक्त न येणारा माणूस शोधून दाखवा. निरोगी, दर सहा महिन्यांनी दात स्वच्छ करून घेणाऱ्या माणसांशी तुलना करून ठरवलेली रेषा इथे लावली तर शंभरात नऊ चुकांच्या जागी किती होतील, कोण जाणे. वर आरएनए फार नाजूक. लाळ घेतली की लगेच थंड ठेवावी लागते, नाहीतर खूण नासते. एप्रिल महिन्यात दुपारी दोन वाजता, वीज गेलेली असताना, आशाताईच्या पिशवीतली ती बाटली डोळ्यांपुढे आणा.

मग हे सगळे फोल आहे का? मुळीच नाही. हाँगकाँगचे उदाहरण मला फार आवडले. तिथे नाकामागच्या घशाचा एक कर्करोग बराच आढळतो, आणि त्याच्या मागे एक विषाणू असतो. डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी सुमारे वीस हजार धडधाकट पुरुषांच्या रक्तात त्या विषाणूचा डीएनए शोधला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. चौतीस रुग्ण सापडले आणि त्यांतले ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच. एरवी तिथे हे प्रमाण जेमतेम २० टक्के. रक्ताच्या चाचणीने हे करून दाखवले. पण कसे? एक, रोगाचे कारण जवळपास एकच आणि ठसा स्पष्ट. दोन, चाचणी त्याच लोकांवर, त्याच शहरात, हजारोंच्या संख्येने पारखली. तीन, एकदा खूण सापडली म्हणून कोणाला घाबरवले नाही. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतले, दोन्ही वेळा खूण असेल तरच पुढे आत कॅमेरा घालून पाहिले. आपल्या कर्करोगाच्या मागे विषाणू नाही, पुडी आहे, आणि पुडीचा असा एकच ठसा नसतो. म्हणून आपले काम अधिक कठीण आहे. ते करायचे तर इथेच करावे लागेल.

माझे म्हणणे एवढेच आहे की लाळेची चाचणी हा दुसरा प्रश्न असावा, पहिला नाही. पुन्हा तेच गणित करा. आता एक लाख लोकांऐवजी अशी हजार माणसे घ्या ज्यांच्या तोंडात कोणीतरी बॅटरी मारून पांढरा किंवा लाल चट्टा पाहिला आहे, किंवा ज्यांचे तोंड नीट उघडत नाही. समजा, त्यांत पन्नास जणांना रोग आहे. तीच चाचणी, त्याच चुका. आता खूण सापडलेले होतात एकशे तीस, आणि त्यांत पंचेचाळीस खरे. दोनशेत एक होता, आता तिघांत एक झाला. चाचणी तीच, फक्त तिच्याआधी एका माणसाने दुसऱ्याच्या तोंडात पाहिले. तरीही पाच सुटतातच, म्हणून संशय पक्का असेल तिथे लाळ 'ठीक' म्हणाली तरी तुकडा काढायचाच. पण ज्यांच्या तोंडात वर्षानुवर्षे चट्टे आहेत, ज्यांचा दर सहा महिन्यांनी तुकडा काढणे शक्य नाही, त्यांच्यातल्या कोणाला आज बोलवायचे आणि कोणाला तीन महिन्यांनी, हे ठरवायला लाळ फार उपयोगी पडू शकेल. आणि मामूंसारख्यांसाठी, शस्त्रक्रियेनंतर. त्यांच्या गाठीचा बिघाड आता वाचता येतो. चोराचे ठसे हातात आहेत. तो परत आला का, हे लाळेतून आधी कळले तर केवढे बरे.

आणि पहिला प्रश्न? तो विचारायला बॅटरी आणि लाकडी पट्टी लागते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून हे करून पाहिले. डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले आणि लोकांची तोंडे तपासली. दर तीन वर्षांनी एक फेरी. तपासलेल्या आणि न तपासलेल्या दोन्ही भागांत मिळून जवळपास एक लाख नव्वद हजार लोक होते. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. सवय नसलेल्यांत असा फायदा दिसला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे. म्हणजे सरसकट सगळ्यांची नव्हे, पुडी-मशेरीवाल्यांची तोंडे बघायची.

महाराष्ट्राला तर हे नवे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये अहवाल छापला. रस्ते नव्हते, मोबाइल नव्हते. एक लाख तोंडे. आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या लोकांना विचारले, तोंडाच्या कर्करोगासाठी कधी तपासणी झाली आहे का? देशभरात बायकांत शंभरात एकही धड नाही, पुरुषांत एकाहून थोडे अधिक. सरकारी कार्यक्रमात तर तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा बघायचे ठरलेले आहे, २०१६ पासून. आशाताईच्या फॉर्ममध्ये प्रश्नही आहे, तोंडात न भरणारा व्रण आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का. फॉर्म भरले जातात. तोंड उघडले जात नाही.

दरवर्षी देशात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे एक लाख चाळीस हजार नवे रुग्ण सापडतात आणि सुमारे ऐंशी हजार जातात. आर. आर. आबा गेले तेव्हा, १६ फेब्रुवारी २०१५ ला, ते सत्तावन्न वर्षांचे होते. राज्याचे गृहमंत्रिपद सांभाळलेला माणूस. त्यांच्याभोवती डॉक्टरांची काय कमी असेल? शरद पवारांवर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ते बचावले आणि नंतर या व्यसनाबद्दल जाहीरपणे बोलले. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. पनवेल स्टँडवरून उतरल्यावर ती किती आहे हे कोणीही बघू शकतो.

पैशाचे म्हणाल तर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीच हिशेब मांडला आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णावर दवाखान्याचा खर्च सुमारे १ लाख १७ हजार, पुढच्या टप्प्यातल्यावर सुमारे २ लाख ३ हजार. यात घरच्यांचे बुडलेले रोजगार नाहीत, मामूंनी विकलेली रिक्षा नाही.

आता थोडे आमच्या लोकांशी. रमजानमध्ये मी मशिदीत बघतो. पुडी खाणारा माणूस तेरा-चौदा तास तोंडात काही घालत नाही. महिनाभर. म्हणजे सोडता येते, रोज सोडतो. आणि मगरिबची नमाज झाली की बाहेर पडताच पहिली पुडी फाडतो. तंबाखू मकरूह की हराम यावर आमच्याकडे रात्ररात्र वाद चालतात. तो वाद करणाऱ्यांतल्या काहींची तोंडे दोन बोटांपलीकडे उघडत नाहीत. इफ्तारच्या दस्तरखानावर हे ओळखता येते, कोणत्याही लॅबविना. ज्याला कबाब झोंबतो, ज्याला मिरची लागताच डोळ्यांत पाणी येते आणि जो पूर्वी तिखट खात होता, त्याच्या तोंडाची कातडी ताठरायला लागली आहे असे समजा. आपलीच तीन बोटे, एकावर एक, उभी दातांमध्ये घालून पाहावीत. जात नसतील तर दंतवैद्याकडे जावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हललेला दात. एवढे लक्षात ठेवायला पॅकेज लागत नाही.

तपासणी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात का होऊ नये? पुरुष तिथे आपोआप जमतात. खारघर भागात दंत महाविद्यालये आहेत, त्यांच्या विद्यार्थ्यांना तोंडे बघायचीच असतात. बायकांसाठी बायकाच हव्यात, आणि दार बंद असलेली खोली हवी. मदरशाची असली तरी चालेल. हे धर्माचे लाड नाहीत. केरळात घरोघर गेले म्हणून लोकांनी तोंडे उघडली, आमच्याकडे खोलीचे दार लावले म्हणून उघडतील. आपल्याच तालुक्यात, तारा गावी, युसुफ मेहरअली सेंटरने आरोग्याचे काम खेड्यापाड्यांत नेले. ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यापर्यंत दवाखाना न्यायचा, हे इथल्या मातीला नवीन नाही.

आणि लाळ? तीही घ्या. त्याच शिबिरात, ज्यांच्या तोंडात चट्टा दिसेल त्यांची, त्यांना नीट समजावून आणि त्यांची परवानगी घेऊन. ती ॲक्ट्रेकसारख्या केंद्राकडे जाऊ दे. पुडीवाल्यांची, मशेरीवाल्यांची, सुजलेल्या हिरड्यांची लाळ. पाच-सात वर्षे त्या माणसांवर लक्ष ठेवले तर कोणाच्या लाळेतली कोणती खूण खरी ठरली हे कळेल. तेव्हा जी चाचणी तयार होईल ती आमच्या तोंडांची असेल, आणि तेव्हा ती उपजिल्हा रुग्णालयात फुकट मिळावी, सवलतीच्या पॅकेजमध्ये नको. महापालिकेने हे मनावर घ्यावे, असे मला वाटते.

मागच्या रविवारी मी हे सगळे फुफूला सांगितले. गणितासकट. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे शेवटी आ करावंच लागणार." माझी बायको उठली, स्वयंपाकघराचे दार लोटले, मोबाइलची बॅटरी लावली. मी बाहेर थांबलो. पाच मिनिटांनी तिने आतून विचारले, उजव्या बाजूला, दाढेच्या खाली, बोटाच्या पेराएवढे पांढरे आहे, पुसून जात नाही, हे मशेरीचे असेल का? मी म्हटले, मला कसे कळणार. बुधवारी अकराची वेळ घेतली आहे. डॉक्टर बाई आहेत, हे आधी फोन करून विचारून घेतले.